बाळ काचेत, आई आयसीयूत

दिवस भरायच्या आधी बाळ जन्माला आलं की घरातल्या सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळतात. बाराशे-चौदाशे ग्रॅमचा जीव, नाकात नळी, तळव्याला गुंडाळलेला लाल दिवा आणि सतत वाजणारं मशीन. त्याच वेळी दोन मजले वर, किंवा पन्नास-साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात, त्या बाळाची आई पडून असते. तिचं बीपी उतरत नसतं, किंवा अंगावरून खूप रक्त गेलेलं असतं, किंवा सिझेरियनच्या टाक्यांत पू झालेला असतो. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "बाळ कसंय?" आई कशी आहे हे फार थोडे विचारतात. ती सुटली, म्हणजे सुखरूप आहे, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

हा लेख त्या आईसाठी आहे. पण तिच्याहून जास्त तो तिच्या नवऱ्यासाठी, आईसाठी, सासूबाईंसाठी, नणंदा-जावांसाठी आहे, कारण त्या दिवसांत तिच्या हातात मोबाइल धरण्याचंही बळ नसतं. सांगायचं आहे ते इतकंच की इथे रुग्ण दोन आहेत. बाळाच्या धावपळीत बाळंतिणीला बाळासोबतचं माणूस समजू नका.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. भारतात २०२० साली अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली. कुठल्याही एका देशातला हा सर्वांत मोठा आकडा आहे. त्यांच्या आयांपैकी बऱ्याच जणींना कळा आपोआप लवकर लागतात. पण अनेकींच्या बाबतीत आईचा आजार वाढल्यामुळे डॉक्टरांना बाळ आधी बाहेर काढावं लागतं. बीपी हाताबाहेर जातं, झटके येतात, वार आधीच सुटून आत रक्त साचतं, गर्भाशयात जंतुसंसर्ग होतो. म्हणजे ज्या आजाराने बाळाला लवकर यावं लागलं तो आजार आईच्याच अंगात आहे. बाळ बाहेर आलं म्हणून तो त्याच दिवशी निघून जात नाही.

बाळंतपणानंतरचे दिवस

गरोदरपणात चढलेलं बीपी बाळंतपणानंतर उतरतं हे खरं, पण लगेच नाही. बऱ्याच जणींचं ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर जातं. नेमक्या याच दिवसांत तिला घरी सोडलेलं असतं, किंवा "मला बाळाकडे जाऊ द्या" म्हणून तिने स्वतःच सही करून सुट्टी घेतलेली असते. मग ती टाके सांभाळत जिल्ह्याच्या गावी बाळाच्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसते. गोळ्यांची पिशवी पहिल्या दवाखान्यात राहिलेली असते आणि दोन दिवसांत बीपी कुणीच मोजलेलं नसतं. काही जणींना गरोदरपणात बीपीचा त्रास अजिबात नसतो. तो बाळंतपणानंतर पहिल्यांदा सुरू होतो. सहा आठवड्यांपर्यंत हा धोका असतो.

आपल्याकडे बाळंतिणीचं डोकं दुखलं की निदान ठरलेलं असतं: कानात वारं गेलं. मग कानात कापूस, डोक्याला घट्ट रुमाल, ओव्याची धुरी. हे करणाऱ्या बायांच्या मायेबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रुमाल बांधण्याआधी बीपी मोजा. दंडाला पट्टा बांधून मोजायचं डिजिटल मशीन घरी आणून ठेवा आणि दिवसातून दोनदा, तिला पाच मिनिटं शांत बसवून, आकडा वहीत लिहा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, तिला घेऊन निघा. औषध तासाच्या आत पोटात किंवा शिरेत जायला हवं. डोकं ठणकतंय, डोळ्यांसमोर चमक किंवा अंधारी येते, छातीच्या खाली उजव्या बाजूला दुखतंय, मळमळतंय, अशी तक्रार असेल तर आकडा थोडा कमी असला तरीही निघा. उजव्या बरगडीखालच्या दुखण्यावर अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन वेळ घालवणं फार महागात पडतं. यकृताला इजा होऊन रक्तातल्या प्लेटलेट झपाट्याने उतरण्याची ती खूण असू शकते. कमरेत भूल दिलेल्या बाईचंही डोकं दुखतं; ते बसल्यावर वाढतं आणि आडवं पडल्यावर थांबतं. तरीही ते कशाचं आहे हे घरी ठरवू नका.

दुसरी गोष्ट दमाची. जिना चढताना धाप लागते, उताणं झोपवत नाही, रात्री उशाला दोन-तीन उशा लागतात, पायांवर सूज वाढते. याला सगळे "रक्त कमी आहे, अशक्तपणा आहे" म्हणतात. रक्त कमी असेलही. पण बाळंतपणाच्या आसपास काही जणींच्या हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. शेवटच्या महिन्यापासून ते बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत कधीही. सोनोग्राफीसारखी हृदयाची एक साधी तपासणी, इको, केली की ते कळतं. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. अचानक छातीत कळ येऊन श्वास लागला तर ती गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. अशा वेळी १०८ ला फोन करायला एका मिनिटाचाही उशीर नको.

रक्तस्राव पहिल्या दिवशीच होतो असं नाही. दहाव्या-बाराव्या दिवशीही तो अचानक सुरू होतो, आत वारेचा तुकडा राहिला असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तर. तासाभरात एक मोठा पॅड भिजला, मोठ्या गाठी पडल्या, उभं राहिल्यावर चक्कर आली तर थांबू नका. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, अंगावरून जाणाऱ्या रक्ताला घाण वास येऊ लागला, टाक्यांतून पाणी येऊ लागलं, लघवी फारच कमी झाली, बाई बरळू लागली, यातलं काहीही घरच्या काढ्यावर सोडू नका.

कुठल्याही तातडीच्या कक्षात गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "हिचं दहा दिवसांपूर्वी बाळंतपण झालंय, बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे, बीपी होतं." कडेवर बाळ नसलेली बाई बाळंतीण आहे हे ड्युटीवरच्या डॉक्टरांना दिसत नाही. ते सांगितल्याशिवाय डोकेदुखीची साधी गोळी मिळून ती परत येण्याची शक्यता राहते.

माणसं वाटून घ्या

अशा वेळी घरातले सगळे एकाच ठिकाणी गर्दी करतात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी ठरवा: एक माणूस बाळाचं, एक माणूस आईचं. बहुधा नवरा बाळाकडे आणि तिची आई किंवा बहीण तिच्याकडे असा वाटा पडतो, आणि तो चांगला आहे. ही माणसं रोज बदलू नका. डॉक्टर जे बोलतात ते सलग ऐकणारं एकच माणूस असलं की काल काय सांगितलं आणि आज काय बदललं हे त्याला कळतं. बाकीच्यांनी डबा, पैसे, रक्तदाते आणि घरातलं थोरलं मूल यांचं बघावं. नातेवाइकांच्या फोनना उत्तर देण्याचं काम तिसऱ्या कुणाकडे तरी सोपवा.

शंभर पानी वही घ्या, दोन घ्या. आईच्या वहीत रक्तगट, किती बाटल्या रक्त चढवलं, कुठली औषधं चालू आहेत, शेवटचं बीपी, लघवीचं प्रमाण, कुठले रिपोर्ट यायचे आहेत. बाळाच्या वहीत किती आठवड्यांचं, जन्माचं वजन, फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन आईला आधी मिळालं होतं का, दूध किती मिली सुरू आहे, श्वासासाठी काय लावलंय. संध्याकाळी दोन्ही वह्यांचे फोटो एकमेकांना पाठवा. आईचे डॉक्टर आणि बाळाचे डॉक्टर दोन वेगळ्या दवाखान्यांत असतील तर त्यांनी एकमेकांशी एकदा तरी फोनवर बोलावं असा आग्रह धरा. आईला कुठला जंतुसंसर्ग होता, तिला काय दिलं, हे बाळाच्या डॉक्टरांना हवं असतं. कुटुंबाकडून ऐकीव माहिती मिळण्यापेक्षा ती थेट मिळालेली बरी.

बाळाला दुसरीकडे हलवायचं ठरलं की घाई होते, हे मान्य. तरीही अ‍ॅम्ब्युलन्स निघण्याआधी बाळाला आईजवळ मिनिटभर न्यायला सांगा. शुद्धीत असेल तर तिचं बोट बाळाच्या तळहातात जाऊ द्या. भुलीत असेल तर दोघांचा एकत्र फोटो काढा. पुढचे कित्येक दिवस तोच फोटो तिच्याकडे असणार आहे. बाळाच्या पायातल्या पट्टीवर आईचं नाव बरोबर आहे ना हे वाचून बघा. आईच्या केसपेपरची झेरॉक्स सोबत द्या आणि तिच्या रक्ताचा नमुना न्यायचा आहे का हे विचारा.

जी गरोदर बाई आज बीपीने किंवा लवकर लागलेल्या कळांनी दवाखान्यात आहे, तिच्या घरच्यांना एक सांगायचं आहे. जन्मानंतर बाळाला हलवण्यापेक्षा, शक्य असेल तेव्हा, आईलाच बाळ पोटात असताना हलवलेलं केव्हाही चांगलं. मोठ्यांचा आयसीयू आणि नवजात बाळांचा कक्ष एकाच आवारात असतो तिथे जा: वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, मोठं जिल्हा रुग्णालय, सिंधुदुर्गातल्यांना जवळ पडतं ते बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. "इथे बाळ ठेवायची सोय आहे का? नसेल तर आत्ताच पुढे पाठवा," हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. आई हलवण्याच्या स्थितीत आहे की नाही हे मात्र डॉक्टरच ठरवतील. झटके येत असताना किंवा रक्त वाहत असताना तिला आधी आहे तिथेच स्थिर करावं लागतं.

तिच्यापासून लपवू नका

"तिला काही सांगू नका, टेन्शन घेईल, दूध आटेल." प्रत्येक दवाखान्याच्या आवारात हे ऐकू येतं. मला हा सल्ला चुकीचा वाटतो, आणि यावर मी थोडं अडून बोलणार आहे. बाळ कसंय असं विचारल्यावर नवरा नजर चुकवतो, आई पदर डोळ्यांना लावते आणि "छान आहे, झोपलंय" म्हणते, तेव्हा बाळंतिणीला कळतं की काहीतरी लपवलं जातंय. मग ती मनातल्या मनात सर्वांत वाईट तेच धरून चालते. पुढे तिला चांगली बातमी सांगितली तरी तिचा विश्वास बसत नाही. खरं सांगा, थोडं थोडं सांगा, रोज ठरल्या वेळी सांगा. "आज श्वासाचं मशीन थोडं कमी केलं. दूध अजून सुरू नाही. डॉक्टर म्हणाले, अजून तीन दिवस काही नक्की सांगता येणार नाही." असं बोललेलं ती पेलू शकते. वॉर्डात मोबाइल चालत असेल तर व्हिडिओ कॉल करा. नसेल तर नर्सबाईंना विचारून दिवसातून एक फोटो. ती स्वतः बाळाच्या डॉक्टरांशी बोलू इच्छित असेल तर फोन तिच्या हाती द्या.

उलट बाजूनेही तेच. तिचा स्वतःचा आजार काय आहे हे तिला सांगा. आयसीयूतून बाहेर आलेल्या कित्येक बायकांना मधल्या दोन-तीन दिवसांचं काहीच आठवत नाही. गर्भपिशवी काढली असेल तर ते तिला महिन्यानंतर कागदावर वाचून कळू नये. तिच्या डॉक्टरांनी, तिच्या माणसाच्या उपस्थितीत, शांतपणे बसून ते सांगावं.

आणि बाळ वाचलं नाही तर? हे लिहायला जड जातं, पण टाळणं बरोबर नाही. आई दवाखान्यात असताना बाळ गेलं की बहुतेक घरं तिला न दाखवता, न सांगता सगळं उरकतात. तिच्या प्रकृतीला सोसेल अशा वेळी, डॉक्टरांशी बोलून, पण लांबण न लावता तिला सांगा. बघायचं आहे का हे तिला विचारा. बघायचं असेल तर अंत्यविधी काही तास थांबवता येतो. ती बेशुद्ध असेल तर बाळाचा एक स्वच्छ फोटो आणि पावलाचा ठसा जपून ठेवा. हवंय की नको, ते ती नंतर ठरवेल. अशा आईलाही दूध येतंच. छाती दाटून दुखत असेल तर आधार देणारी ब्रा, थंड पट्ट्या आणि गरजेपुरतंच थोडं पिळणं याने आराम पडतो. गाठ होऊन ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. काही आया त्या दिवसांत दूधपेढीला दूध देतात आणि त्यांना त्यात बळ मिळतं; कुणावर त्याची सक्ती मात्र नको.

दूध

बाळ समोर नसलं तरी दूध येऊ शकतं. आई स्थिर असेल तर पहिल्या सहा तासांच्या आत हाताने पिळायला सुरुवात करावी, आणि मग दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, त्यात रात्रीची एक वेळ नक्की. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या थोडी मागे ठेवून आधी छातीकडे आत दाबायचं, मग एकत्र आणायची. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. पहिले दोन-तीन दिवस थेंबच येतील. पिवळसर, घट्ट चिकाचं दूध. "एवढंसं काय न्यायचं" म्हणून ते टाकू नका. अर्धा मिली असलं तरी सिरिंजमध्ये ओढून, त्यावर नाव, तारीख, वेळ लिहून बर्फाच्या डब्यातून बाळाकडे न्या. दूध सुरू झालेलं नसलं तरी नर्सबाई ते बाळाच्या गालाच्या आत लावू शकतात. काढलेलं दूध सावलीत चार तास आणि फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, २४ तास ठेवता येतं. उन्हाळ्यात प्रवास असेल तर बर्फ पुरेसा आहे ना हे बघा. बाळाच्या कक्षाचा नियम यापेक्षा कडक असेल तर तोच पाळा.

आई शुद्धीत नसेल तरी डॉक्टरांची हरकत नसल्यास नर्सबाई किंवा तिची बहीण-आई हे काम करू शकते. औषधांच्या भीतीने दूध परस्पर ओतून देऊ नका. झटके थांबवण्यासाठी दिलं जाणारं मॅग्नेशियम सल्फेट, बीपीसाठीचं लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि बहुतेक अँटिबायोटिक्स चालू असताना दूध देता येतं. काही औषधं खरोखरच चालत नाहीत, काही हृदयविकारांत तर दूधच थांबवावं लागतं. म्हणून यादी बाळाच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचं ऐका.

खूप रक्त गेलेल्या आईला दूध उशिरा येतं, कमी येतं. यात तिचा दोष नाही. छाती अजिबात भरली नाही, थेंबही आला नाही, पुढे महिने गेले तरी पाळी आली नाही आणि अंगातलं बळ परतलं नाही, तर रक्तस्रावात मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाली असण्याची शक्यता असते. त्याच्या रक्ततपासण्या आहेत आणि उपचारही आहेत, पण तो आजार आठवायला हवा. वर्षानुवर्षं "बाळंतपणापासून अशक्तच आहे" म्हणून दिवस काढणाऱ्या बायका याच आजाराच्या असू शकतात.

तोवर बाळासाठी दूधपेढी आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आणि आता राज्यात इतर ठिकाणीही अशा पेढ्या आहेत. तिथलं दूध तपासून, पाश्चराइज करून दिलं जातं. नात्यातल्या दुसऱ्या बाळंतिणीचं कच्चं दूध परस्पर अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पाजू नका. त्यातून जंतुसंसर्गाचा धोका आहे. पेढी नसेल आणि डॉक्टरांनी पावडरचं दूध सुचवलं, तर ते द्या आणि आईला त्यावरून एक शब्दही बोलू नका.

बापाची छाती, आजीची छाती

बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवण्याची पद्धत, कांगारू पद्धत, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीवर दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असं छातीवर घेतलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्या अभ्यासात होतं.

आई दुसरीकडे आजारी आहे म्हणून हे थांबवायचं कारण नाही. बाप करू शकतो. आजी, मावशी, आत्या करू शकते. स्वच्छ अंघोळ, कापलेली नखं, अंगात सर्दी-ताप नाही, पुढून उघडणारा शर्ट, एवढंच लागतं. मागायला लाजू नका. आपल्याकडचे बाप बाळाच्या कक्षाच्या दारात उभे राहून औषधांच्या चिठ्ठ्या घेतात, पैसे भरतात, आणि आपलं काम संपलं असं समजतात. तुमच्या छातीची ऊब हेही बाळाचं औषध आहे. दिवसाला जितके तास जमतील तितके बसा. आई बरी होऊन येईल तेव्हा पहिल्यांदा बाळ तिच्या छातीवर तुम्हीच ठेवा आणि कसं धरायचं ते दाखवा. तिला चाकाच्या खुर्चीवरून, सलाईनच्या स्टँडसकट आणता येत असेल तर तशी परवानगी मागा. पुष्कळदा ती मिळते.

त्या पहिल्या भेटीत तिला काही वाटलंच नाही तर घाबरू नका. "हे माझं आहे असं वाटतच नाही," असं कित्येक आया म्हणतात आणि नंतर स्वतःला दोष देतात. मरणाच्या दारातून आलेल्या शरीराला वेळ लागतो. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड होणं हे स्वाभाविक आहे. ते थांबलं नाही, झोप आणि भूक दोन्ही गेली, आयसीयूतले आवाज, मशीनच्या शिट्ट्या पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागल्या, जगण्यात अर्थ नाही असं ती बोलली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. ती अचानक भ्रमिष्टासारखी वागू लागली, नसलेलं दिसू-ऐकू लागलं, बाळाबद्दल विचित्र बोलू लागली, तर तो बाधेचा किंवा नजरेचा प्रकार नव्हे. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि तिला एकटीला सोडू नका.

"हिच्या बीपीमुळे बाळ असं झालं." हे वाक्य घरात कुणी उच्चारलं तर तिथल्या तिथे थांबवा. बीपी तिने मागून घेतलेलं नाही. "सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" हेही तिच्या कानावर पडू देऊ नका. ते खोटं आहे. आठव्या महिन्यातलं बाळ जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा जास्त असते. पाचवी, बारसं पुढे ढकललं तरी चालतं. शेक-शेगडी आणि धुरी तर या बाळाच्या जवळ नकोच; त्याची फुप्फुसं अजून कोवळी आहेत.

पैसे, रजा, कागद

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून आईचं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. आजारी बाळाचा उपचारही मोफत आहे. ही मुदत आधी ३० दिवसांची होती, नंतर ती वर्षापर्यंत वाढवली. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षात, एसएनसीयूत, त्यासाठी पैसे मागितले जाऊ नयेत. खासगी दवाखान्यात जायची वेळ आली तर तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का हे दाखल होण्याआधी विचारा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. आईचा आणि बाळाचा अर्ज वेगवेगळा असतो. रेशनकार्ड आणि आधार यांच्या प्रती दोन्ही ठिकाणी ठेवा. पैसे संपले म्हणून सही करून बाळाला घरी नेण्याचा विचार मनात आला, तर आधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा. मार्ग काढणं हे त्यांचं कामच आहे.

नोकरी करणाऱ्या आईसाठी कायद्यात २६ आठवड्यांपर्यंत पगारी रजा आहे. गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून उद्भवलेला आजार, किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण असेल, तर वर आणखी एक महिना मिळतो. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. तो डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्या.

एक तारीख मात्र घरातल्या कुणाच्या तरी डोक्यात पक्की हवी, कारण आई आजारी असली की हीच नेमकी राहून जाते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांनी तपासायला हवा. २८ आठवड्यांच्या आत किंवा १२०० ग्रॅमच्या आत जन्मलेल्याचा तर दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर वेळेत लेझर करून किंवा डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते. उशीर झाला तर कायमचं अंधत्व येतं. बाळ बघायला-हसायला लागलंय म्हणून डोळे बरोबर आहेत, असं समजू नका. एका तपासणीनेही भागत नाही, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा जावं लागतं. कानांची तपासणी त्याच सुमारास करून घ्या.

आईला आधी सोडलं आणि बाळ अजून कक्षात असेल, तर तिला रोज घरून येजा करायला लावू नका. रुग्णालयाजवळ राहायची सोय आहे का बघा. काही ठिकाणी आयांसाठी खोली असते. तिथे तिचं जेवण, तिच्या गोळ्या, तिचं बीपी हे सगळं बघणारं तिचं माणूस तिच्यासोबत असू द्या. डिंकाचे-हळिवाचे लाडू खायला हरकत नाही, पण मूत्रपिंडाला किंवा हृदयाला इजा झाली असेल तर मीठ आणि पाणी किती घ्यायचं हे डॉक्टर सांगतील तेच. तसं काही नसेल, तर बाळंतिणीने पाणी कमी प्यावं हा समज सोडून द्या. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला थोडं थोडं चालवा.

दोन्ही घरी आले की आशाताई भेटीला येतील. त्या बाळाचं वजन करतील. आईचं बीपीही बघायला सांगा. सहा आठवड्यांनी तिची स्वतःची तपासणी आहे, बाळाच्या लशीच्या गडबडीत ती चुकवू नका. बीपी, रक्त, लघवीतलं प्रथिन, आणि पाळणा लांबवण्यासाठी निरोध, गोळ्या की तांबी यापैकी तिला काय चालेल याचं बोलणं, हे सगळं त्याच वेळी होतं. गरोदरपणात बीपीचा त्रास झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून वर्षातून एकदा तरी बीपी मोजत राहावं. आणि पुन्हा दिवस राहिले तर पहिल्या दोन महिन्यांतच मोठ्या दवाखान्यात नाव घालून, मागचं डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांसमोर ठेवायचं. अशा बायकांना १२ आठवड्यांपासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात आणि त्याने तो आजार पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार आणि रेशनकार्डासोबत ठेवा, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो नवऱ्याकडेही असू द्या.